कोण चुकले, कोणी ठरवले? पुण्यातील टाळेबंदी आणि लोकांचा निवाडा

प्रश्नाची मांडणी

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले दोन करोनाबाधित पुण्यात सापडले. दुबईहून परतलेले हे दांपत्य नायडू रुग्णालयात दाखल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी यांनाही लागण झाल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा टाळेबंदी नव्हती, मास्कची सक्ती नव्हती, म्हणजे मोडायला नियमच नव्हता. तरीही रुग्णांची ओळख मोबाइलवरून फिरू लागली आणि ती उघड करणाऱ्यांवर कारवाई करू, असा इशारा प्रशासनाला द्यावा लागला. नियम येण्याआधीच निवाडा आला होता.

पुढची दोन वर्षे पुणेकर एकमेकांना जोखत राहिले. मास्क हनुवटीवर ठेवणारा, पहाटे टेकडीवर जाणारा, दारूच्या दुकानापुढे रांगेत उभा असलेला, बोचके घेऊन गावी निघालेला, पन्नास माणसांच्या परवानगीत दोनशेंची पंगत उठवणारा, अशा सगळ्यांवर कोणी ना कोणी मत दिले, फोटो काढला, पोलिसांना फोन केला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर विषय छेडला. हे योग्य होते का, त्याचा उपयोग झाला का आणि तसे करण्याचा अधिकार नेमका कोणाला होता, या तिन्ही प्रश्नांवर आजही एकमत नाही. कायद्याचे अभ्यासक, आरोग्य क्षेत्रातले लोक, मानसशास्त्रज्ञ, कामगार संघटना आणि गृहनिर्माण संस्था यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती समोरासमोर ठेवून वाद कुठवर आला आहे हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू.

चर्चेत तीन गोष्टींची गल्लत होते, ती आधीच दूर केलेली बरी. पहिली गोष्ट कायद्याने दिलेली शिक्षा: दंड, गुन्हा, खटला. दुसरी, सरकारी माणसाने केलेली पण कायद्यात नसलेली शिक्षा: चौकातल्या उठाबशा, काठीचा प्रसाद. तिसरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेली शिक्षा: बोलणे, टाळणे, घर सोडायला सांगणे, नाव पसरवणे. या लेखाचा भर तिसऱ्या प्रकारावर आहे. परंतु पहिल्या दोन प्रकारांनी तिसऱ्याला बळ दिले, त्यामुळे त्यांनाही वगळता येत नाही.

१८९७ ची पार्श्वभूमी

पुण्यात हा वाद प्रथमच झाला असे नाही. मुंबई इलाख्यात प्लेग पसरल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती काम करू लागली. गोऱ्या सोल्जरांकरवी घरझडती, रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवणे, सामानाची जाळपोळ हे सगळे झाले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तिथे ही कथा सहसा संपते. सरकार विरुद्ध प्रजा, असेच तिचे रूप आपल्याला ठाऊक असते.

त्याच कथेत प्रजेने प्रजेला जोखल्याच्याही खुणा आहेत. लोकमान्य टिळक गावात राहिले, हिंदू प्लेग इस्पितळाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि संकटात शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांचे आरोप तिथे मांडले. मायदेशी परतल्यावर ते पुराव्याने सिद्ध करता आले नाहीत, म्हणून त्यांनी माफी मागितली आणि त्या माफीबद्दल लोकांचे टोमणे सोसले. याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी वारल्या. कोण गावात थांबले, कोण निघून गेले, कोण पुराव्याविना बोलले आणि कोण रुग्णाजवळ गेले, या मापांनी त्या वेळीही माणसे मोजली जात होती.

१३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने हाच १८९७ चा कायदा लागू केला. त्या कायद्याने अधिकाऱ्याला भरपूर अधिकार दिले आहेत. नागरिकांनी एकमेकांशी कसे वागावे, रुग्णाची ओळख कशी जपावी, याबद्दल मूळ कायदा काहीच बोलत नाही. आजच्या वादाची बरीचशी मुळे या मौनात आहेत.

२०२० ते २०२२: निवाड्याचे तीन टप्पे

पहिला टप्पा भीतीचा होता. १६ मार्चला घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय जाहीर झाला. निवडणुकीच्या शाईचा तो शिक्का साथ रोखण्यासाठी होता. बसमध्ये, रेल्वेत, दुकानात तो शेजाऱ्याला दिसावा हीच त्यामागची कल्पना. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ ला राज्यात संचारबंदी आली आणि २५ ला देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी, गुढीपाडव्याला, पुण्यातले पहिले दांपत्य बरे होऊन घरी गेले. दरम्यान पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या अनेक गावांनी पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांसाठी वाटा बंद केल्या. एरवी दिवाळीला ज्यांची वाट पाहिली जायची, त्यांनाच वेशीवर अडवले गेले. शहरात पोलिसांनी पहाटे फिरायला निघालेल्यांकडून भर रस्त्यात व्यायाम करून घेतला आणि त्याच्या चित्रफिती घरोघर पाहिल्या गेल्या. मार्चअखेर दिल्लीतल्या निजामुद्दीन मरकजमधल्या धार्मिक मेळाव्यातून संसर्ग पसरल्याची बातमी आली आणि तिथे जाऊन आलेल्यांचा शोध पुणे विभागातही सुरू झाला. ८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांची नावे पसरवू नयेत, कोणत्याही समाजगटाला दोष देऊ नये अशी सूचना काढली. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊ लागल्याने २२ एप्रिलला अध्यादेश काढून साथरोग कायद्यात कडक शिक्षेची भर घालावी लागली.

दुसरा टप्पा नकाशाचा होता. भवानी पेठ, कसबा, येरवडा, ताडीवाला रस्ता ही नावे रोजच्या आकडेवारीत वर होती. गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे आणि बांबू लागले. पत्ता सांगितला की माणसाकडे पाहण्याची नजर बदलू लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला दारूची दुकाने उघडली आणि त्यापुढच्या रांगांचे फोटो सर्वत्र झळकले. घरकामगारांना कामावर जाण्याची मुभा मिळाल्यानंतरही अनेक सोसायट्यांची फाटके त्यांच्यासाठी बंदच राहिली. सोसायट्यांना सरकारी आदेशापलीकडचे स्वतःचे कायदे करता येणार नाहीत, असे प्रशासनाला सांगावे लागले. जुलैच्या मध्याला पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दहा दिवसांची कडक टाळेबंदी झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्याची रुग्णसंख्या देशात सर्वाधिक झाली, तेव्हा ‘पुणेकरांची बेशिस्त’ हे कारण बैठकांतून आणि बातम्यांतून पुढे आले. पुण्यात चाचण्यांचे प्रमाणही देशातल्या वरच्या शहरांत होते, हा खुलासा त्या मानाने कमी लोकांपर्यंत पोहोचला.

तिसरा टप्पा हिशेबाचा. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ पासून, पुन्हा निर्बंध आले. जून २०२१ मध्ये शनिवार-रविवारी खडकवासला, सिंहगड, लोणावळ्याकडे जाणाऱ्यांना परतल्यावर विलगीकरणात ठेवावे लागेल, असा इशारा पालकमंत्री अजित पवार यांनी दिला. त्याच दिवसांत, १९ जूनला, त्यांच्या पक्षाच्या शहर कार्यालयाच्या उद्घाटनाला गर्दी झाली. टीका झाल्यावर पवारांनी दिलगिरी व्यक्त केली आणि कार्यकर्त्यांवर गुन्हे दाखल झाले. ऑगस्टमध्ये शहरातल्या व्यापाऱ्यांनी दुकानांच्या वेळांविरुद्ध घंटानाद केला. कार्यक्रम चालतात, मग दुकाने का नाहीत, हा त्यांचा सवाल होता. मार्च २०२२ मध्ये टाळेबंदीच्या काळात सरकारी आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याची घोषणा राज्याच्या गृहमंत्र्यांनी केली आणि २ एप्रिलच्या गुढीपाडव्यापासून उरलेले निर्बंधही उठले. कायद्याने आपला हिशेब असा मिटवला. शेजाऱ्यांमधल्या हिशेबाला असा ठराव नव्हता.

पहिली भूमिका: चार लोकांचा धाक हवाच

साथीत एकाच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो. हेल्मेट न घालणारा बहुतांशी स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तर लक्षणे असताना लग्नाला जाणारा इतरांचा. त्यामुळे असे वागणे खासगी बाब राहत नाही आणि त्यावर बोलणे हा शेजाऱ्याचा हक्कच ठरतो, असे ही भूमिका मांडते. दुसरा मुद्दा व्यवहाराचा. लाखोंच्या शहरात प्रत्येक जिन्यावर पोलीस ठेवता येत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा धाक काठीपेक्षा स्वस्त आणि सौम्य असतो.

या बाजूला पुण्यातले चांगले दाखलेही आहेत. २०२० च्या आषाढीला देहू-आळंदीच्या पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. त्याच वर्षी गणेशोत्सवात मानाच्या मंडळांनी मिरवणूक टाळून मांडवाजवळच्या हौदात विसर्जन केले. शतकाहून अधिक जुन्या परंपरा एवढ्या शांतपणे थांबल्या, त्यात सरकारी आदेशाइतकाच वाटा समाजाच्या अपेक्षेचा होता. सिद्धान्ताचाही आधार आहे. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेष्टर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फुकट्यांना दंड करण्यासाठी इतर खेळाडू स्वतःच्या खिशातले पैसे खर्च करायला तयार झाले आणि त्यामुळे गटातले सहकार्य वाढले.

या भूमिकेची मर्यादा तिच्याच क्षेत्रातल्या पुढच्या संशोधनाने दाखवली. २००८ मध्ये बेनेडिक्ट हेरमान, ख्रिस्टियान थोनी आणि गेष्टर यांनी असेच प्रयोग जगभरातल्या १६ ठिकाणच्या गटांवर केले. काही ठिकाणी खेळाडूंनी फुकट्यांबरोबर नीट सहकार्य करणाऱ्यांनाही दंड ठोठावले आणि दंडाचा फायदा नाहीसा झाला. म्हणजे धाक कामी येतो तो कोणाला आणि का दंड होतो आहे हे सर्वांना मान्य असेल तेव्हाच.

दुसरी भूमिका: आधी माणसाचे घर पाहा

‘घरीच थांबा’ या सूचनेत थांबण्याजोगे घर गृहीत धरलेले असते, हा या बाजूचा गाभा. त्यासाठी पुण्याचाच सर्वांत भक्कम पुरावा उपलब्ध आहे. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी शहरातल्या पाच प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. १,६६४ नमुन्यांपैकी ५१.५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के होते. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ते सुमारे ६२ टक्के, तर स्वतःचे शौचालय असणाऱ्यांत सुमारे ४५ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ असा लावला जातो की, ज्या वस्त्यांना बेशिस्त म्हटले गेले, तिथे दोष वागण्यापेक्षा जागेचा होता. सकाळी शौचालयाच्या रांगेत उभे राहण्याला पर्याय नव्हता. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला बाहेर पडणे भाग होते. शिवाय काहींच्या बाहेर पडण्यावरच इतरांचे घरात बसणे अवलंबून होते. ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक, महापालिकेचे सफाई कामगार, भाजी आणि दूध पोहोचवणारे, रुग्णालयातल्या आया हे सगळे रोज त्याच रस्त्यावर होते, ज्यावर दिसणे हाच गुन्हा मानला जात होता.

या बाजूलाही प्रतिप्रश्न आहेत. पाहणीत बंगल्यांत आणि सदनिकांत राहणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणावर संसर्ग झालेला दिसला. तो सगळा नाइलाजाने झाला असे म्हणता येत नाही. प्रतिपिंडांची पाहणी संसर्ग किती झाला ते सांगते, कोण कसे वागले ते सांगत नाही. शिवाय परिस्थितीचा युक्तिवाद वस्तीतल्या गर्दीला लागू पडतो. शनिवारच्या खडकवासल्याला, फार्महाऊसवरच्या पार्टीला किंवा पक्षाच्या मेळाव्याला लागू पडत नाही. सगळेच परिस्थितीवर ढकलले तर जबाबदारी कोणाचीच उरत नाही, हा आक्षेप या बाजूने अजून पुरता खोडलेला नाही.

तिसरी भूमिका: निवाडा कायद्यानेच करावा

ही बाजू म्हणते, नियम सरकारने केला, तर तो मोडला की नाही हेही ठरलेल्या यंत्रणेनेच ठरवावे. मास्क नसेल तर पुण्यात ५०० रुपये दंड होता, पावती होती. तेवढी शिक्षा पुरे. चौकातल्या उठाबशा कोणत्याही कलमात नाहीत. रुग्णाचे नाव पसरवणे हा शेजाऱ्याचा अधिकार नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाधितांच्या घरांबाहेर फलक लावण्याबाबत हेच तत्त्व सांगितले: आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट आदेश दिल्याशिवाय असे फलक लावू नयेत. तोवर देशभर असंख्य दारांवर ते लागून गेले होते.

कायद्याच्या अभ्यासकांना आणखी एक अडचण दिसते. भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली खटला चालवायचा तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार न्यायालयात यावी लागते. मे २०२० मध्येच राज्यात या कलमाखालच्या गुन्ह्यांची संख्या लाखावर गेली होती. त्यातले किती टिकले असते, याबद्दल वकिलांमध्ये सुरुवातीपासून शंका होती. पुढे गुन्हे मागे घेण्याची घोषणा झाल्यावर हा प्रश्न बराचसा निकालात निघाला. मात्र ज्यांनी नियम काटेकोर पाळले, आई-वडिलांच्या अंत्यसंस्कारालाही जे गेले नाहीत, त्यांना या माफीचे काय वाटावे, हा प्रश्न तसाच राहिला.

या भूमिकेची दुसरी मर्यादा वेळेची. साथ दिवसांत पसरते, न्यायालय महिन्यांनी बोलते. शेजारी लग्नाचा मांडव पडलेला दिसत असताना कायद्याची वाट पाहा, हे सांगणे रास्त असले तरी पचायला जड आहे.

चौथी भूमिका: निवाडा खालच्या दिशेने वाहतो

या बाजूच्या मते टाळेबंदीतले जोखणे तटस्थ नव्हते. आधीपासूनचे जात, धर्म, वर्ग यांचे पूर्वग्रह नियमांच्या भाषेत बोलू लागले. घरकामगारांचे उदाहरण ती वारंवार देते. विषाणू परदेश प्रवासातून शहरात आला. संशय मात्र धुणेभांडी करणाऱ्या बाईवर ठरला. घरमालक मुंबईला जाऊन आला तरी त्याला फाटकावर कोणी थांबवले नाही. पुण्यात घरकामगारांची संघटना १९८० च्या दशकापासून उभी आहे. त्यामुळे पगार, सुट्टी आणि प्रवेश या तिन्ही मुद्द्यांवर इथे निदान आवाज तरी उठला.

मरकजचे प्रकरण या बाजूचा दुसरा आधार. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला जाऊन आलेल्या २९ परदेशी नागरिकांविरुद्ध अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता दिसते आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, असे न्या. टी. व्ही. नलावडे यांनी नोंदवले. खंडपीठातले दुसरे न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी निकाल मान्य केला, पण काही निरीक्षणांशी आपण सहमत नसल्याचे स्पष्ट केले. एकाच निकालातली ही दोन मते या वादाचे छोटे रूप आहेत: आरोप टिकत नाहीत यावर एकमत, ते का झाले यावर मतभेद.

वरच्या थरांना वेगळा न्याय मिळाला, हेही ही बाजू सांगते. एप्रिल २०२० मध्ये उद्योजक वाधवान कुटुंबातले २३ जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले. त्यांच्याकडे गृह विभागातले वरिष्ठ आयपीएस अधिकारी अमिताभ गुप्ता यांचे पत्र होते. गुप्ता यांना सक्तीच्या रजेवर पाठवून चौकशी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये ते पुण्याचे पोलीस आयुक्त म्हणून रुजू झाले.

परंतु हेच प्रकरण दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. लोकांनी प्रश्न विचारले म्हणून तर ते पत्र चव्हाट्यावर आले. पक्षकार्यालयाच्या उद्घाटनावर गुन्हे दाखल झाले तेही टीकेमुळे. बाहेरच्या जगातही तसेच घडले. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरिन कॅल्डरवुड यांना आपल्या दुसऱ्या घरी गेल्यामुळे एप्रिल २०२० मध्ये पद सोडावे लागले आणि ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना कार्यालयातल्या मेजवानीबद्दल एप्रिल २०२२ मध्ये दंड झाला. लोकांचा निवाडा वरच्या दिशेनेही वाहू शकतो. तो बंद करा म्हटले तर दुबळ्यांच्या हातातले एक साधनही जाते.

संशोधन काय सांगते

मानसशास्त्रात यावर बरेच काम झाले आहे, त्यातले चार मुद्दे पुण्याच्या अनुभवाशी जुळतात.

पहिला, दुसऱ्याची चूक आपण त्याच्या स्वभावाला चिकटवतो आणि स्वतःची परिस्थितीला. ली रॉस यांनी १९७७ मध्ये दुसऱ्याबाबतच्या या सवयीला मूलभूत आरोपण-दोष असे नाव दिले. मी औषधासाठी बाहेर पडलो, तो मात्र भटकायला.

दुसरा, नैतिक नापसंती धोक्याचा अंदाजच बदलते. अ‍ॅशली थॉमस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात एकट्या सोडलेल्या मुलाला किती धोका आहे, हे लोकांनी पालक कशासाठी दूर गेले यावरून ठरवले. कारण न पटणारे असेल तर तोच धोका त्यांना जास्त वाटला. भाजीच्या आणि दारूच्या रांगेत माणसांमधले अंतर सारखेच असताना दुसरी रांग अधिक घातक का वाटली, याचे एक उत्तर इथे मिळते.

तिसरा, साथ हटवण्यासाठी म्हणून केलेली हानी लोक अधिक सहजपणे स्वीकारतात. माया ग्रासो आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात सार्वजनिक अपमान आणि पोलिसी जास्ती यांसारख्या गोष्टी करोना निर्मूलनाच्या नावाने झाल्या तर लोकांना कमी खटकल्या.

चौथा, बहुसंख्य लोक नियम पाळत असतानाही ‘लोक ऐकत नाहीत’ हा समज बळावतो. जॉन ड्र्युरी आणि स्टीफन रायकर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी याकडे लक्ष वेधले. त्यांच्या मते बेशिस्तीच्या बातम्या ऐकून उरलेल्यांनाही नियम मोडणेच सार्वत्रिक आहे असे वाटू लागते. छायाचित्रांनीही यात भर घातली. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कच्या छायाचित्रकारांनी एकच जागा, एकाच वेळी, दोन वेगळ्या भिंगांतून टिपून दाखवली: लांब पल्ल्याच्या भिंगातून दूरदूर उभी माणसे खेटून उभी दिसली. मंडई किंवा तुळशीबागेची गर्दी दाखवणारे सगळेच फोटो फसवे होते, असा याचा अर्थ नाही. पण फोटो हा अंतराचा पुरावा म्हणून पुरेसा नाही, एवढे खरे.

यात विषाणूशास्त्राची भर घालायला हवी. २०२० च्या उत्तरार्धापासून हा विषाणू बंद, कोंदट जागेत हवेतून अधिक पसरतो हे स्पष्ट होत गेले. पुण्यात उद्याने अनेक महिने बंद होती आणि टेकड्यांवर फिरणारे टीकेचे धनी होते. धोका मात्र बंद सभागृहात, वातानुकूलित कार्यालयात, घरातल्या समारंभात अधिक होता.

चारही भूमिकांतले पुरावे एकत्र ठेवले की एक सूत्र हाती लागते. लोकांचा निवाडा धोक्याच्या मागे गेला नाही, तो नजरेच्या मागे गेला. जे उघड्यावर होते ते सापडले: गल्लीतले, रांगेतले, टेकडीवरचे, पायी निघालेले. जे बंद दाराआड, काचा लावलेल्या गाडीत किंवा पत्राच्या आधारे फिरत होते, ते क्वचित सापडले. उघड्यावर जगण्याची वेळ कोणावर येते हे घराच्या आकारावर आणि कामाच्या स्वरूपावर ठरते, म्हणून नजरेचा कल आपोआप विषमतेचाही कल झाला. त्यासाठी प्रत्येक बोट दाखवणाऱ्याच्या मनात द्वेष असण्याची गरज नव्हती.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न परिणामाचा. लाज वाटल्याने पुण्यात संसर्ग किती कमी झाला, हे वेगळे मोजणे जवळपास अशक्य आहे, कारण दंड, भीती, बातम्या आणि लाज एकाच वेळी काम करत होत्या. लाजेची दुसरी बाजूही आहे. शेजाऱ्यांच्या भीतीने लक्षणे लपवणे, चाचणी टाळणे असे प्रकार होतात आणि आरोग्य मंत्रालयाच्या एप्रिल २०२० च्या सूचनेमागे हीच काळजी होती. या दोन परिणामांची बेरीज कोणत्या बाजूला झुकते, यावर निर्णायक उत्तर नाही.

दुसरा प्रश्न माहितीचा. इमारतीत रुग्ण आहे हे कळण्यात शेजाऱ्यांचे खरे हित होते. लिफ्ट, जिना, पाण्याची टाकी सामायिक असते. रुग्ण कोण हे कळण्यात ते होते का? इमारतीपुरती सूचना आणि व्यक्तीची ओळख यांच्यात रेघ कुठे ओढायची, हे कोणत्याही नियमाने नीट सांगितलेले नाही.

तिसरा प्रश्न सोसायट्यांच्या अधिकाराचा. संकटात त्यांनी जिने निर्जंतुक केले, एकट्या ज्येष्ठांना डबे पोहोचवले, विलगीकरणातल्या घरांचा किराणा आणला. त्याच संस्थांनी कामवाल्या बायकांना आणि भाडेकरू परिचारिकांना अडवलेही. पहिले काम करू देऊन दुसरे रोखणारी चौकट सहकार कायद्यात स्पष्ट नाही.

चौथा प्रश्न कायद्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८६ व्या अहवालात साथरोग कायद्याचा सर्वंकष आढावा घेतला आणि त्यातल्या उणिवा मांडल्या. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या कलम १८८ ची जागा कलम २२३ ने घेतली. परंतु आकडे बदलले म्हणून पोलिसांच्या जागच्या जागी दिलेल्या शिक्षेचा किंवा शेजाऱ्यांच्या बहिष्काराचा प्रश्न सुटत नाही.

पाचवा प्रश्न स्मरणाचा. गुन्हे मागे घेता येतात. सोसायटीच्या सभेत झालेला अपमान, गावाच्या वेशीवरून परत फिरवलेले कुटुंब, मोडलेले शेजारसंबंध यांच्यासाठी अशी प्रक्रिया नाही. तशा प्रक्रियेची गरज आहे का, की विसरून जाणे हाच समाजाचा मार्ग, यावरही दोन मते आहेत.

वाद आज कुठे आहे

इतके मतभेद असूनही तीन गोष्टींवर चारही बाजू जवळ आल्या आहेत. रुग्णाची ओळख उघड करू नये. कायद्यात नसलेली शिक्षा सरकारी माणसाने देऊ नये. आणि नियम करणाऱ्यांनी तो पाळला की नाही, हे विचारण्याचा लोकांना हक्क आहे.

मतभेद उरतो तो यांच्या मधल्या जागेत, जिथे सामान्य माणूस सामान्य माणसाला हटकतो. पहिली भूमिका ही जागा मोठी ठेवू पाहते, तिसरी ती आकुंचित करू पाहते. दुसरी आणि चौथी या जागेवर अटी घालतात: पर्याय होता का, आणि हेच तुम्ही वरच्याला म्हणाला असता का. या अटी साथ सुरू झाल्यावर, भीतीच्या भरात ठरत नाहीत, हे पुण्याने दोनदा अनुभवले आहे. त्या आधीच ठरवायच्या तर कामे ठोस आहेत: महापालिकेने सामायिक शौचालये असलेल्या वस्त्यांसाठी वेगळी विलगीकरण व्यवस्था तयार ठेवावी, सहकार खात्याने सोसायट्यांच्या अधिकारांची मर्यादा लेखी द्यावी, पोलिसांनी दंडाची पद्धत एकच ठेवावी, आणि आरोग्य विभागाने उघड्यावरचा आणि बंद जागेतला धोका पहिल्या आठवड्यातच वेगळा करून सांगावा. ही चार कामे झाली तरी लोक एकमेकांना जोखणे सोडणार नाहीत. जोखण्यासाठी त्यांच्या हाती निदान बरी मापे असतील.